पत्र्याखालचं रूम टेंपरेचर

औषधाच्या खोक्यावर 'रूम टेंपरेचरला ठेवा' छापतात, ते कुणाच्या रूमचं? विचारलंय कधी?

शेवंतीनं विचारलं. कोलशेतला पत्र्याची एक खोली, फ्रिज नाही; दिवसभर घोडबंदर रोडच्या टॉवरात पोळ्या-भांडी. इन्शुलिन न चुकता टोचायची, तरी एप्रिलभर साखर उतरेना. तळपाय पेटलेले, डोळ्यांपुढं धुकं. डॉक्टर तिलाच धारेवर धरायचे.

"गोड खाता ना, मावशी?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा पिते!"

"बाटली कुठे ठेवता?"

"फळीवर. उघडलेली रूम टेंपरेचरला चालते, तुम्हीच बोललेलात."

"चालते," म्हणत त्यांनी डोस वाढवला.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तिची नजर सारखी हॉलमधल्या घड्याळाकडे. वेळेखाली आकडा: पंचवीस.

"नीरजाताई, हे पंचवीस कसलं?"

"रूम टेंपरेचर गं."

"दोन दिवस घड्याळ देता?"

"घड्याळ? कशाला?"

"माझी रूम रूममध्ये धरतात का, ते बघते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनला तिनं घड्याळ फळीवर बाटलीशेजारी ठेवलं. एक्केचाळीस! दवाखाना उघडणार पाचला. तीन तास तिचं बूड टेकलं नाही, आत-बाहेर, आत-बाहेर. पाचला बाटली पिशवीत टाकून, घड्याळ काखेत मारून निघाली. पण एसी केबिनमध्ये नंबर लागेपर्यंत आकडा घसरलेला.

"अठ्ठावीस तर आहे," डॉक्टर हसले.

"ही तुमची रूम! माझ्या रूममध्ये एक्केचाळीस होतं. उद्या दोनला या, पत्र्याखाली बसा, मग हसा."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "पत्र्याचं घर आहे हे कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यांनी बाटली उजेडात धरली, बाजूला ठेवली. "तीसच्या वर राहिली की कस जातो. ही फेकायची." नवी बाटली दिली, डोस पुन्हा पहिल्यावर आणला. "माठ बाहेरून ओला ठेवा, आत पाणी नको. कोरड्या डब्यात घालून बाटली त्यात ठेवा."

दुसऱ्या दिवशी कामाला खाडा; दुपारी घड्याळही माठात गेलं. दर दहा मिनिटांनी झाकण वर, डोळे आत. शेवटी एकोणतीस आलं, तेव्हा कुठं ती भिंतीला टेकली. पंधरवड्यानं साखर उतरू लागली. घड्याळ मात्र नीरजाताईंकडे अजून गेलेलं नव्हतं. अर्धा मे महिना बाकी होता.

तुमच्याकडेही कुणी शेवंती येत असेल. उद्या ती आली की चहाचा कप हातात द्या आणि एवढं विचारा: घरावर पत्रा की स्लॅब? आणि औषध कुठं ठेवतेस?