न दुखणारी दाढ

दातांच्या दवाखान्यात मावशींची कामं दोन : रुग्णाच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरणं आणि डॉक्टरांची बडबड ऐकणं. दोन्ही त्या एकाच चेहऱ्याने करत.

परदेशी निघालेला माणूस त्यांना खुर्चीत टेकल्या टेकल्या ओळखू येई. बाकीच्यांना दात ठणकल्याशिवाय दवाखाना आठवत नाही. हा मात्र न दुखणारे दातही दाखवून घेई, कारण तिकडे म्हणे एक दाढ काढायची तर घर विकावं लागतं.

"लोक देश सोडतात, म्हणजे इथे सुखी नाहीत. सरळ आहे," डॉक्टर म्हणत.

"आणि सुट्टीत दात दाखवायला येतात ते?" मावशींनी एकदा विचारलं.

"ते तिकडे सुखी नाहीत."

मावशींनी नळी धुवायला घेतली.

परवा दुपारी त्यांची मुलगी आली. लहानपणापासून हिला या दवाखान्यात फरफटत आणावं लागे.

"अक्कलदाढ काढायचीय," ती डॉक्टरांना म्हणाली, आईची नजर चुकवून.

"दुखते?"

"नाही."

मावशींनी ट्रे लावला.

भूल चढली, नळी आत गेली. प्रश्न विचारायची दवाखान्यातली वेळ हीच.

"नोकरी मिळाली तिकडे?" मावशींनी विचारलं.

"आं."

"घरी सांगणार होतीस ना?"

"आं."

"इथे काही त्रास होतोय का गं? माझा होतोय?"

मुलीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"अगं, मान हलवू नकोस!" डॉक्टर ओरडले. "मावशी, तुम्ही तरी गप्प बसा."

त्रास नाही तर चाललीस कशाला, हे विचारायचं राहिलं. त्याचं उत्तर 'आं'मध्ये मावलं नसतं.

डॉक्टरांनी निघालेली दाढ दिव्याखाली धरली. "ठणठणीत आहे. उगाच काढली."

मावशींनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला. "अर्धा तास दाबून धर. बोलायचं नाही."

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीने सगळं लिहून सांगायला फोन काढला. मावशींनी तो हळूच तिच्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकला. मुलीने सुजरा गाल वर ठेवून आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

अर्धा तास सरला. मुलीने बोळ्याकडे बोट दाखवलं. मावशींनी तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"येतंय अजून," त्या म्हणाल्या. "बस जरा."