शिंप्याने टोचलेले पत्ते

लढाईची वर्षं होती ती. कापड रेशनवर गेलं आणि जामखेडच्या पेठेतल्या शिंप्याचं मशीन दुपारचं बंद राहू लागलं. माझी शाळेतली नोकरी त्याआधीच सुटली होती. डोळे आले तेव्हा दवाखान्यात न जाता कुणीतरी सांगितलेला पाला मी डोळ्यांत पिळून घेतला. मुलांना आरोग्याचा धडा शिकवणारा मास्तर मी! दोन महिन्यांत होतं नव्हतं ते सगळं दिसायचं थांबलं. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एका खोलीत मी आणि माझा संताप, असे दोघे राहत होतो.

दुपारी मी शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. आत शिंपी, टपाल वाटणारा शिपाई आणि शेजारचा तेली मेंढीकोट खेळायला बसत. या खेळाला चौघे लागतात, दोन-दोन भिडूंच्या जोड्या. उतरलेल्या जातीचंच पान टाकायचं, मोठ्या पानाचा हात, आणि हातांमधून चारही दश्श्या पकडायच्या. चौथा म्हणून ते रस्त्यावरच्या कुणालाही हाका मारत. मी तिथेच बसलेला असे.

"मास्तर, तुमी का न्हाई बसत?" शिंप्याने एकदा विचारलं.

"तुझे डोळे उसने देतोस का?" मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातात पत्त्यांचा कॅट ठेवला. रात्रीतून त्याने सुईने एकूण एक पान टोचलं होतं. वरच्या कोपऱ्यात जात: इस्पिकला एक टोचा, बदामला दोन, चौकटला तीन, किलवरला चार. त्याखाली आकडा. चित्रांना कडेला कात्रीची बारीक खाच, गुलामाला एक, राणीला दोन, राजाला तीन. एक्का कोरा. मी ती पानं पुन्हापुन्हा चाचपली. रडू आलं ते खोकल्यात लपवलं, पण बहुतेक लपलं नसावं.

नियम ठरले. पान टाकताना प्रत्येकाने त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. टोचे मागूनही दिसत, म्हणजे मनात आणलं तर माझी सगळी पानं त्यांना वाचता आली असती. तेव्हा माझ्या पानांच्या पाठीकडे बघायचं नाही, अशी टपालवाल्याने आणि तेल्याने शपथ घेतली. शिंपी माझा भिडू, समोर बसायचा. आम्ही जिंकलेले हात तोच उचलून रचायचा.

आंधळ्याला एक गोष्ट बरी येते, लक्षात ठेवणं. कोणतं पान गेलं, कोणतं कुणाकडे उरलं, हे मला पाठ असायचं. मी जिंकू लागलो. "मास्तरांच्या म्होरं कुनाचं चालंना बगा!" तेली म्हणायचा आणि मी मोठ्याने हसायचो. वर्षभरात मी हसलो नव्हतो.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पत्ते म्हणजे सैतानाचं पुस्तक. पाळक स्वतः खोलीवर आले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही मंडळीतले शिकलेले. लोक काय शिकतील?" मी म्हणालो, "देवळात मला हाताला धरून बसवतात, तिथे मी आंधळा असतो. त्या दुकानात मी चारांतला एक असतो. तुम्हीच सांगा कुठे जाऊ." ते प्रार्थना करून निघून गेले. त्यानंतर उपासनेहून मला घरी पोचवायला कुणी थांबेना. मीही ताठ राहिलो. चारांतला एक असणं याच्यापुढे मला दुसरं काही नको होतं.

एका दुपारी शिंप्याने किलवरची तिर्री उतरली. टपालवाल्याकडे त्या जातीचं एकच पान होतं, नेमकी दश्शी, ती त्याला टाकावी लागली. मी राणी मारली. आता उरला तेली. "किलवर सत्ती," तो म्हणाला. हात माझा, दश्शी आमची. तेवढ्यात शिंप्याला गिऱ्हाईक आलं आणि तो माप घ्यायला उठला. म्हणून तो हात मी उचलला. उचलताना बोटं कोपऱ्यांवरून सहज फिरली. चार टोचे. कडेला तीन खाचा.

"सत्ती कुणाची होती?" मी विचारलं.

"माजी," तेली म्हणाला.

"मग हा राजा कुणाचा?"

हातातला टेप तसाच घेऊन शिंपी परत आला असावा, कारण त्याचाच आवाज आला. "मास्तर, रोज न्हाई हो. कदीमदी. तुमी जिंकला की हासता. म्हनून..."

खोटं बोलताना तिघेही विसरले होते की जिंकलेला हात कधीतरी मीच उचलणार. आजवर शिंप्याने रचलं म्हणून निभावलं.

"तुमची भीक मागायला आलो नव्हतो मी!" असं ओरडून मी पानं फेकली आणि निघालो. रागात पावलं मोजायची राहिली आणि मी उभ्या बैलगाडीच्या चाकावर आदळलो. मागे तिघे उभे असणार. हात धरायची कुणाची छाती झाली नाही.

अकरा दिवस मी खोलीत होतो. पाळकांकडे आता कोणत्या तोंडाने जायचं? बाराव्या दिवशी दुकानात जाऊन बसलो आणि म्हणालो, "वाटा. पण खरं खेळायचं."

ते खरं खेळले. मी हरू लागलो, चांगलाच हरू लागलो. तरी प्रत्येक हात संपला की मी म्हणायचो, "थांबा," आणि चारही पानं चाचपून बघायचो. टेपाचं टोक शिंपी गुंडाळायचा, सोडायचा, ते ऐकू यायचं. एकदा टपालवाल्याने माझी दश्शी अचूक पकडली. मी म्हणालो, "पाठ बघितलीस?"

"मास्तर, म्या लेकराची शपत घेतलीया," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यापासून त्याचं टपाल वाढलं. मग तेल्याला घाण्यावरून उठता येईना.

शिंपी तेवढा उरला. तो कॅट माझ्या हातात देत म्हणाला, "आमी खोटं बोललो, ती चूक झाली. पन मास्तर, तुमी पाळत ठिवली. त्या पाळतीत खेळ न्हाई हुत."

मी कॅट घेतला. तो खिशात घालून ओटा उतरलो.

दोन-तीन महिन्यांनी त्या बाजूने जाताना आतून आवाज आले. तिघेच नव्हते, चौथा कुणी होता. नवे पत्ते असावेत, सतरंजीवर पटापट पडत होते. कोणी पानांची नावं घेत नव्हतं, त्यांना गरज नव्हती. मी भिंतीला हात लावून बराच वेळ ऐकत राहिलो, पण कोणतं पान पडलं, हात कुणाचा गेला, काही कळेना. तेली हसला. मग शिंप्याचा आवाज आला, "कोन हाय भायेर?"

"चुकलो, मला घ्या," एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्याकडून हे लिहवून घेताना आज मी ते पहिल्यांदा म्हणतो आहे. त्या दिवशी मी म्हणालो, "कुणी नाही," आणि पावलं मोजत घरी आलो.