कानवाले काका आणि सतरा मशिनी

आमचे कानवाले काका सीपीयूला कान लावायचे. मुलुंडला आमचा पंपांचा कारखाना, आणि ड्रॉइंग सेक्शनच्या सतरा डेस्कटॉपांची देखभाल काकांकडे. सकाळी आले की प्रत्येक डब्यापाशी वाकून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "ह्येचो फॅन दोन दिवसांत जातलो." आणि तो जायचाच. आता काही बिघडलं की एक गुळगुळीत पोरगा फोनवर म्हणतो, 'मॅम, तक्रारीचं तिकीट टाका.' डोंबल तुझं तिकीट!

काकांचं तोंड फटकळ. कुणी कीबोर्डवर चहा सांडला की अख्ख्या सेक्शनला ऐकू जायचं, "मेल्या, चाय तू पी ना, कीबोर्डाक कित्याक पाजतंस?" मग तोच कीबोर्ड घरी नेऊन, बटण न् बटण धुऊन आणायचे.

खंडेनवमीला मशिनी बंद, झाडलोट, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. एका वर्षी मी भक्तिभावाने थेट पुढच्या जाळीवरच हळदकुंकू वाहिलं. मशीन सुरू झाल्यावर फॅनने ते सगळं आत ओढलं. काकांनी डबा उघडला तर आत लालभडक! "देवाक कुंकू लाव गो बाय, फॅनाक कित्याक?" तासभर बसून त्यांनी ब्रशने एकेक कोपरा साफ केला. मला हातही लावू दिला नाही.

मग नवे साहेब आले. आल्या आल्या म्हणाले, डेस्कटॉपचा जमाना गेला. ठरलेली जागा कुणालाच नाही, लॅपटॉप घ्या नि कुठेही बसा. मीटिंगमध्ये एकटे काका उभे राहिले. "साहेब, बाकीच्यांना द्या. ह्यांची ड्रॉइंगं मोठी, ह्या चपट्या मशिनी तापतील." साहेब हसले, "काका, तुम्ही म्युझियममध्ये शोभाल!" आणि आम्ही? आम्हीही फिदीफिदी हसलो. शरम वाटायला हवी होती.

आज काय आहे सांगू? लॅपटॉप तापले, माना आखडल्या. मग मोठे स्क्रीन आले, मागून कीबोर्ड आले, माऊस आले. मी त्याच कोपऱ्यात, त्याच खुर्चीवर बसते आणि माझा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही. म्हणजे डेस्कटॉपच झाला की रे शहाण्यांनो! मग त्या माणसाला कशाला घालवलंत?

पण साहेबांवर किती चिडू? खरी तिडीक माझी मलाच येते. सेक्शनची जुनी म्हणून साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, सगळा डेटा लॅपटॉपवर गेला की काकांना नारळ. तोवर गप्प राहा, नाहीतर ते काम अर्धवट टाकतील. मी नंदीबैलासारखी मान हलवली. नोकरी मलाही हवी होती. पंधरा दिवस काका एकेक फाइल उघडून तपासत होते, आणि मी रोज त्यांच्यासोबत चहा पीत होते.

शेवटच्या संध्याकाळी हातात पत्र घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"तुका म्हायत होता?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माका सांगूचा होता गो," ते हळूच म्हणाले. "तरी काम पुरा करूनच गेलो असतंय मी."