राघूचं विरजण

जगात एखादी गोष्ट कायमची संपते, यावर माझ्या बायकोच्या मामांचा काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. चोपडा तालुक्यात तापीकाठी त्यांची केळीची बाग होती, आणि हा रोग त्यांना बहुधा केळीनेच लावला असावा. केळ काही बी पेरून येत नाही. जुन्या झाडाचा कंद काढून लावायचा, की तेच झाड पुन्हा उभं राहतं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपाकडे बोट दाखवून नाना "ही आमच्या आजोबांनी लावलेली केळ" असं खुशाल सांगत, आणि ऐकणारा हसला तर रागावत. शर्ट विरला की तो शिंप्यापुढे टाकून अगदी तसाच नवा शिवून घेत. मूळ शर्टाचा खिसा जरा तिरपा होता. एका नव्या शिंप्याने तो सरळ लावला, तर नानांनी त्याच्यासमोर बसून खिसा उसवायला लावला आणि तिरपा करून घेतला. घरातलं दही त्यांच्या आईच्या हातचं होतं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण रोज आदल्या दिवसाचं विरजण लावत ते चालत आलं होतं. एकदा मांजराने ते सगळं फस्त केलं. शेजारून चमचाभर आणलं असतं तर नाना कसले! सोनगीरला दिलेल्या बहिणीने सासरी जाताना याच घरचं विरजण नेलं होतं हे त्यांना आठवलं. ते तडक एसटीत बसले आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर पितळी डबा सांभाळत परत आले.

मामी मात्र गेल्या त्या गेल्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं, बोलणं ठसकेबाज आणि आवाज जरा घोगरा. त्या गेल्यावर दोन महिन्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला ओसरीवर एकटाच बसलो होतो. नाना मागे गोठ्यात होते. अचानक माझ्या पाठीशी मामी बोलल्या. "आयकी राहिनात का? चहा थंडा व्हई राहिना." ऐकताय ना, चहा गार होतोय, ही त्यांची नानांना रोजची हाक, आणि शेवटी त्यांचा तो बारीक खोकलासुद्धा. वळून पाहिलं तर पिंजऱ्यातला राघू मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात गोठ्यातून नानांची ‘आलो, आलो’ अशी ओ आली, "उनू, उनू." ते हात पुसत आले, स्वतःच चहा टाकला आणि एक कप जास्तीचा ओतला. तो कप कुणी उचलला नाही. आम्ही बोलत असताना त्यावर हळूहळू साय धरली, आणि मी तिकडे बघायचं टाळत राहिलो. रोज असंच चालायचं म्हणे. मामींच्या तेराव्याला जेवून गेलेला पोस्टमन एकदा तो आवाज ऐकल्यापासून पत्रं कुंपणावरूनच आत टाकायचा.

परदेशात एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा नाना ते कात्रण खिशात घालून आमच्याकडे जळगावला हजर झाले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे मला हे येतच असणार अशी त्यांची खात्री. राघू म्हातारा झाला होता, त्याची पिसं गळत होती, काही दिवस तर तो चार वाजताही गप्प बसे. असाच दुसरा होईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मीही मास्तरकीच्या तोऱ्यात सांगून टाकलं, की एक दिवस होईल, चोचीच्या वळणापर्यंत तसाच होईल. नाना खूश होऊन परतले. जाताना त्यांनी केळीची रोपं बाटलीत वाढवतात ती प्रयोगशाळाही पाहून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो, तर खिडकीत लोणच्याच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत ओला कापूस, त्यावर राघूचं एक हिरवं पीस, तोंडाला फडकं बांधलेलं. बायकोने ते पाहिलं आणि ती बाहेरच थांबली. बाटलीतल्या केळीला अंकुर फुटतो, तसा या पिसांना कधी फुटेल याची नाना वाट बघत होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पिसातून पाखरू उगवत नाही, हे मी समजावलं. मग उरलेलंही सांगितलं, की उद्या कुणी तसं पाखरू तयार केलं तरी ते मुकंच जन्माला येईल. रूप येतं, शिकलेलं येत नाही.

नानांनी एका बरणीचं सैल झालेलं फडकं घट्ट बांधलं. मग म्हणाले, "मंग त्याले बोलनं कोन शिकाडी? ती ते नही."

त्या क्षणी मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पण नाना हार मानणारे नव्हते. बरण्या धुऊन त्यांनी चोपड्याच्या बाजारातून राघूचं पिल्लू आणलं आणि त्याचा पिंजरा म्हाताऱ्याच्या पिंजऱ्याला खेटून टांगला. विरजण लावलंय, असं त्यांनी मला कळवलं. पुढे होळीनंतर त्यांचं कार्ड आलं. म्हातारा गेला होता, आणि नवा अजून मुका होता. चार वाजता आता घरात काहीच ऐकू येत नाही, असं खाली लिहिलं होतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नानाही गेले. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. चार वाजले, बायकोने सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि ओसरीवरून नानांचा आवाज आला, "उनू, उनू." कप लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्या पिल्लाने म्हाताऱ्या राघूकडून मामींची हाक घेतलीच नव्हती. त्याने रोज ऐकलेली नानांची ओ घेतली होती.

तो राघू आता आमच्याकडे जळगावला असतो. लाडक्या जनावराची प्रत काढावी का, असं मुलं वर्गात विचारतात, आणि मी पुस्तकातलं उत्तर देतो. घरी येतो तो चारचा सुमार असतो. राघू ओ देतो, पण त्याला हाक मारणारं कुणी नसतं. परवा मी दारात चपला काढत होतो. आत बायको एकटीच पिंजऱ्यापाशी उभी होती, आणि आवाज जरा घोगरा करून हळूच म्हणत होती, "आयकी राहिनात का? चहा थंडा व्हई राहिना."

ती ओ येईपर्यंत मी दारातच थांबलो.