उतारावरचं गवत

२००५ सालच्या ऑगस्टमध्ये, एका गुरुवारी, माझी बायको बागेतून घरात आली, पाणी प्यायली, खुर्चीत बसली आणि गेली.

आमचं अमेरिकेतलं राज्य एवढंसं, समुद्राला चिकटून बसलेलं. तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला राहणारा माझा धाकटा भाऊ फोनवर विचारायचा, "दादा, ते स्टेट आहे की पार्किंग लॉट?" पण या राज्याला धोरणांची हौस दांडगी. पर्यावरणाचं धोरण, किनाऱ्याचं धोरण, शाश्वत विकासाचं धोरण. दर वसंतात गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका घरी यायची, मुखपृष्ठावर बगळा. मी वाचणारा माणूस, तरी ती मी कधी उघडली नाही. बायको मात्र पेन्सिल घेऊन वाचायची. नागपूरला तिने बॉटनीत एम.एस्सी. केलं होतं आणि इथे सगळं आयुष्य एका दंतवैद्याच्या रिसेप्शनवर काढलं होतं. त्या पुस्तिकेत कुणीतरी तिच्या विषयात तिच्याशी बोलत होतं.

तिच्याकडून कळलेलं पुस्तिकेचं म्हणणं साधं होतं. लोक लॉनला खत घालतात, ते पावसात वाहून ओढ्यात जातं, ओढ्यातून खाडीत, तिथे शेवाळ माजतं आणि मासे मरतात. तेव्हा ओढ्याकाठच्या घरमालकांनी उतारावरचं लॉन काढावं आणि या मातीतली मूळची झाडं, गवतं लावावीत. आमच्या घरामागे ओढा होता. तिने लॉन काढलं. राज्याने रोपं दिली, आणि पुढचे उन्हाळे तिने त्या उतारावर गुडघे टेकून काढले. मिल्कवीड दाखवून म्हणायची, "ही आपल्या रुईची चुलत बहीण. पान तोडून बघा, तसाच चीक." मी बघायचो आणि पुस्तकाकडे परत यायचो.

ती गेल्यावर उतार तसाच राहिला. पुढच्या वसंतात तो कंबरेपर्यंत वाढला आणि आमच्या गावाच्या नगरपालिकेचा तपासनीस दारात आला. गावाच्या नियमाप्रमाणे घोट्याच्या वर गेलेलं गवत म्हणजे रान, आणि रान कापावं लागतं. मी त्याला पुस्तिका दाखवली. त्याने ती सभ्यपणे चाळली, बगळ्याचं कौतुक केलं आणि म्हणाला की पुस्तिका राज्याची आहे, गवत गावाचं आहे.

मी राज्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. बायकोबद्दल त्यांना वाईट वाटलं. तिने केलं तसंच काम राज्याला हवं आहे, असंही त्या दोनदा म्हणाल्या. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. गावांना आम्ही काही सांगू शकत नाही. मग कोण सांगू शकतं, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मला आमच्याच तपासनीसाचा नंबर दिला.

तो उन्हाळा मी नगरपालिकेच्या सभागृहात काढला. चारचौघांत बोलणं मी जन्मभर टाळत आलो होतो. आता कुत्र्यांच्या पट्ट्याचा आणि कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणांचा विषय संपायची वाट बघत बसायचं, आणि मग माईकपुढे उभं राहून, राज्य जे करा म्हणतं ते मला करू द्या, अशी विनवणी करायची. एका सदस्याने सुचवलं की लॉन करून टाका आणि तिच्या नावाचा बाक ठेवा. बाकाची मुळं माती धरून ठेवत नाहीत, असं मी म्हणालो. एवढा तिरकस मी आधी कधी नव्हतो. शेवटी ठरलं: सप्टेंबरात राज्याकडून कुणीतरी येऊन पाहणी करेल. उतार पसंत पडला तर कायमचा राहील. नाहीतर लॉन.

ऑगस्टच्या शेवटी तिचं वर्षश्राद्ध होतं. त्याआधी आठवडाभर मी मुलीकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला गेलो आणि किल्ली डॉक्टरकडे दिली. डॉक्टर म्हणजे आमच्याच सुमारास या देशात आलेला सर्जन, आता निवृत्त. हात रिकामे राहिले की त्याला चैन पडत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणाचंही काही मोडलं की हा हत्यारांची पेटी घेऊन हजर.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी परतलो तेव्हा तो मागच्या अंगणात उभा होता, डोक्याला टोपी, अंगाला पेट्रोलचा वास. उतार कापलेला होता. त्यावर मशीनच्या चाकांचे सरळ पट्टे उमटले होते आणि पांढरे दाणे पसरले होते.

"उद्या माणसं येणार," तो म्हणाला. "बाई गेली आणि घराचं रान झालं, असं कुणी म्हणायला नको. वहिनींचं घर आहे हे."

दाणे कसले, असं मी विचारलं. खत आणि तणनाशक, एकाच पिशवीत दोन्ही, असं त्याने खुशीत सांगितलं. आता लॉनखेरीज काही उगवायचं नाही, महाराज.

"ते तण नव्हतं," मी म्हणालो. "ते ठेवायचं होतं. त्यासाठीच मी उन्हाळाभर नगरपालिकेच्या सभेला जात होतो, तुला सांगितलं नाही एवढंच."

त्याने टोपी काढली. मग खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "अरे, आम्हाला वाटलं, तुझ्याच्याने कापवत नाहीये. वहिनींनी लावलेलं ना. म्हणून मीच केलं."

त्याच्या तळहाताला फोड आले होते. वर स्वयंपाकघरात त्याची बायको उद्यासाठी वडे-खिरीची तयारी करत होती. मी गावावर चिडू शकत होतो, राज्यावर चिडू शकत होतो. या माणसावर कसं चिडायचं ते मला कळेना, आणि त्यामुळे जास्तच चिडलो. म्हणालो, हात धुऊन घे, चहा करतो.

श्राद्ध व्यवस्थित झालं. आलेल्यांनी अंगणाची तारीफ केली. दोन दिवसांनी पाऊस आला आणि पांढरे दाणे ओढ्यात गेले.

सप्टेंबरात राज्याकडून एक तरुण मुलगी आली, पायात रबरी बूट. आठवडाभरात पानं करपली होती आणि मधून मधून जुन्या लॉनचे हिरवे कोंब वर येत होते. तिने वाकून एक करपलेलं पान चुरगळून पाहिलं. मग तिने सांगितलं की पाहणी करण्यासारखं इथे काही नाही, आणि जाताना त्या वर्षीची पुस्तिका माझ्या हातात दिली. तपासनीस स्वतः येऊन सहकार्याबद्दल माझे आभार मानून गेला.

आता २००८ चालू आहे. उतारावर लॉन आहे. ते मी दर शनिवारी कापतो. खत घालत नाही. खाली ओढ्याला लागून जमीन ओली आहे, तिथे मशीन रुततं म्हणून डॉक्टर गेला नव्हता. तिथे बायकोने लावलेल्या गवताची दोन हात रुंदीची पट्टी शिल्लक आहे, आणि गावाने अजून तिच्याबद्दल काही म्हटलेलं नाही.