आमच्या चर्चमधलं ढमढम

चर्चमध्ये जन्मभर पायपेटी वाजवणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. भात्यात धूळ जाते तसे ते आपोआप आत शिरतात आणि पाय मारला की बाहेर पडतात. मी चौथी शिकलेली. पेटी मला कुणी शिकवली नाही, माझी मी शिकले. आमच्या सांगलीच्या मंडळीत माझ्याएवढी गीतं कुणाला पाठ नाहीत. असतील तर त्याने पुढे यावं.

हे किस्से नव्वदच्या दशकातले, माझा भाचा विजय पुण्याहून परत आला तेव्हाचे. येताना त्याने कीबोर्ड आणला, ताल धरणारं मशीन आणलं आणि टेक्नोचं खूळ आणलं. आपली जुनी गीतं तो त्या ढमढमवर बसवणार होता.

*

पहिल्या रविवारी आम्ही तिसऱ्या कडव्यात होतो आणि मशीन आमेनला पोचलं होतं.

आमच्याकडे ओळ कागदावर संपली म्हणून संपत नाही. शेवटच्या म्हातारीचा श्वास संपला की संपते. पेटी थांबते तिच्यासाठी. मशीन कशाला थांबतंय? मी म्हटलं, "विजय, तुझ्या मशीनला घरात म्हातारं माणूस नाही का रे?"

दुसऱ्या दिवशी शेजारी बसून मी त्याच्याकडून वेग कमी करून घेतला.

*

आमचे पंच शमुवेलराव खवळले. देवाच्या घरात डिस्को चालणार नाही, नाचायचं तर वरातीत जा, असं मीटिंगमध्ये बोलले.

मला स्वतःला ते ढमढम फार आवडलं होतं असं नाही. पण शास्त्र मला कुणी शिकवू नये. मी म्हटलं, "दावीद राजा देवाच्या पवित्र कोशापुढे नाचला. त्याची बायको मीखल खिडकीतून बघून नाक मुरडत होती. तुम्ही कुठे बसणार ते आधी ठरवा."

शेवटी ठरलं असं: कापणीच्या सणाला एकदा वाजवून बघायचं. म्हातारी माणसं गायली तर मशीन राहील, नाही गायली तर जाईल. विजय म्हणाला, "आत्या, ते गेलं तर मीबी इथं न्हाई राहणार." गायनाच्या वेळी बाहेर गाड्यांवर बसणारी पोरं त्याच्यामुळे आत येऊ लागली होती. तीही गेली असती.

*

मग साताऱ्याहून आमचे पाळकसाहेब तालीम ऐकायला आले. त्यांनी आयुष्यात कुणाला दुखावलेलं नाही. सगळं ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. दोन्ही बाजूंनी विचारलं, साहेब, काय वाटतं?

साहेब म्हणाले, "आवाज मोठा आहे."

दोन्ही बाजू खूश होऊन घरी गेल्या.

*

माणसाएवढे दोन स्पीकर आणले तासगावच्या मांडववाल्या गणपाकडून. त्यावर लाल-पिवळी झगमग नक्षी. शमुवेलरावांनी हुकूम सोडला, पांढऱ्या चादरी घाला. घातल्या. गणपा पैशाला आला, दारातच थबकला, टोपी काढली आणि हळूच मला विचारलं, "मावशी, कोण गेलं वं? आन् दोघं एकदम?"

*

चर्चला लागूनच शेवंताचं घर. बौद्ध घरातली, तोंडाने माझ्यासारखीच. तालमीचा आवाज ऐकून ती कुंपणापाशी आली. मला वाटलं, आता भांडण. ती म्हणाली, "आवं, लय झ्याक वाजतंय. जयंतीला आमच्यात बी लावा की. शब्द आमी आमचं घालतो."

विजय दोन्हीकडे वाजवायला तयार होता. शमुवेलरावांना हे आम्ही सांगितलं नाही.

*

कापणीचा सण आला. वेदीपुढे जोंधळ्याची कणसं, बेदाणे, भोपळ्यांचा ढीग. ढिगामुळे बायकांचा पहिला बाक सरकवून स्पीकरला चिकटवावा लागला. त्या बाकावर शमुवेलरावांच्या पत्नी, एस्तेरबाई.

एस्तेरबाईंचे कान आजारपणात गेले होते. आधी त्या गायच्या, पण सगळ्यांची ओळ संपल्यावर त्यांची सुरू व्हायची. पोरं हसायची. शमुवेलराव पलीकडच्या बाकावरून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे, की त्या गप्प. पुढे त्यांनी गाणंच सोडलं. फळ्यावरचा गीताचा नंबर बघून पुस्तक उघडायच्या आणि नुसत्या बसायच्या.

विजयने मशीन सुरू केलं. पोरं गायली. म्हातारी माणसं तोंड मिटून. शमुवेलराव मागे वळून एकेकाकडे बघत होते. विजयचा चेहरा उतरला.

एस्तेरबाईंनी स्पीकरच्या थरथरणाऱ्या चादरीवर तळवा टेकवला. पहिलं कडवं तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड उघडलं. सूर इकडेतिकडे होता, पण ओळ ढमच्या ठोक्यावर उचलली आणि सगळ्यांबरोबर खाली ठेवली. पुढचीही तशीच. शेजारची म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली आणि गायला लागली. मग तिच्यामागची.

शमुवेलराव सवयीने उठून आले होते. त्यांचा हात बाईंच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अधांतरी राहिला.

आमेन झालं. ते तडक विजयकडे गेले. मी पेटीवरून उठलेच, म्हटलं आता माझ्याशी गाठ आहे.

ते खाली बघत म्हणाले, "तो खालचा ढम हाय न्हवं, तो आणखी मोठा होतो का?"