न मुरलेला पाइप

अण्णा गेल्याची तार धारला आली तेव्हा मी ओसरीवर पाइप ओढत बसलो होतो. तार वाचली, आणि पहिलं काय केलं असेल तर घाईघाईनं पाइप विझवला. माणूस देवासला मरून पडला होता, मध्ये सबंध इंदूर होतं, आणि मी इकडे धारेत त्याच्या धाकानं तंबाखू झटकत होतो! नंतर स्वतःचाच इतका संताप आला की पुन्हा पेटवायला काडी ओढली, पण तोवर शेजारचे लोक तार कसली म्हणून विचारायला आले आणि ते राहिलंच.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्याविषयी गेल्या काही आठवड्यांत पुष्कळ छापून आलं. शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल, धाकट्या भावंडांना मार्गी लावणारे... शेवटचा शब्द वाचून मला हसूच आलं. मार्गी लावलेलं ते धाकटं भावंड म्हणजे मी. माझे वडील लहानपणीच गेले आणि मी काकांच्या, म्हणजे अण्णांच्या वडिलांच्या, घरी वाढलो. काका तेव्हापासूनच कारभारातून अंग काढून होते. पुढे त्यांची दृष्टी गेली आणि ते खालच्या पडवीत माळ घेऊन बसून राहू लागले. डोळे गेले तसं नाक तिखट झालं. माजघरात फोडणी करपली तर सुनेच्या आधी त्यांना कळे. पण घर चालवीत ते अण्णाच. माझा हात चित्रकलेत बरा होता, मुंबईला कलाशाळेत जाण्याची सोय लागत होती, शिक्षकांनी शब्दही टाकला होता. एके दिवशी जेवताना अण्णांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "सोमवारपासून धारच्या मोजणी खात्यात जायचं. मी बोललो आहे." संपलं. मी पानावरून उठेपर्यंत माझा पुढचा सगळा जन्म ठरला होता. लग्नाचंही तसंच झालं. बायको चांगली निघाली, त्याचं श्रेय मी अण्णांना देणार नाही.

तेव्हा मी आयुष्यात स्वतः निवडलेली पहिली वस्तू म्हणजे एक पाइप होता, असं सांगितलं तर वाचकांना त्यात अतिशयोक्ती वाटू नये. आमच्या खात्यावरचा गोरा साहेब शिवारात मोजणीची साखळी पडत असताना झाडाखाली बसून पाइप ओढी. ती शांतता मला फार हवीशी वाटे. नोकरीत कायम झाल्यावर मी महूच्या छावणीत एका पारशाच्या दुकानात गेलो. एकटा जाणार होतो. पण अण्णांना दरबारासाठी बूट करवायचे होते, म्हणून तेही आले. अण्णांना नेहमी काहीतरी करवायचंच असे.

पारशानं मखमलीवर सात-आठ पाइप मांडले. ब्रायर नावाच्या झुडपाची मुळाशी गाठ असते, तिच्यातून कोरून काढलेले. मी प्रत्येक उजेडात धरून पाहिला. लाकडाच्या रेषा कशा वर चढल्या आहेत, कुठे खड्डा लांबीचा लगदा भरून बुजवला आहे का, नळीचं भोक वाटीच्या नेमकं तळाशी उघडतं की वरच... रिकामाच ओढून पाहिला, शिट्टी वाजते का ते ऐकलं. शेवटी एक साधा, सरळ, हलका पाइप हातात असा बसला की ठेववेना. अण्णा म्हणाले, "हा? ही तर भोवऱ्याची दांडी दिसते. हा घे." त्यांनी उचलला होता तो मोठा, बाकदार, चांदीच्या कड्याचा. मी म्हणालो, "मला हाच हवा." अण्णांना मी दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. त्यांनी चांदीच्या कड्याचा स्वतःसाठी बांधून घेतला आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.

पारशी मला समजावत होता. "नवा पाइप एकदम नाही भरायचा, भाई. पहिले तिसरा हिस्सा, मग आधा, मग पूरा. धीमे धीमे. और एक बात याद रखना, जितना भरा उतना नीचे तक पीना. बीच में बुझाया तो तला कच्चा रह जायेगा." आतून काजळीचा थर चढतो, तोच लाकडाला आगीपासून सांभाळतो. तो थर धुवायचा नाही, खरवडायचा नाही, मुरू द्यायचा. लोणच्यासारखं आहे हे, म्हणून मला ते चटकन पटलं. अण्णांची आमच्याकडे पाठ होती, पण त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता हे मला पुढे कळलं.

आता आमच्याकडची रीत अशी की वडीलधाऱ्यांसमोर तंबाखूचं नाव काढायचं नाही. घरोघर हीच रीत, तिच्यात नवल नाही. नवल अण्णांच्या येण्याच्या वेळेचं. त्या वर्षी त्यांना धारेत वरचेवर कामं निघू लागली. मी कचेरीतून आलो, हातपाय धुतले, तिसरा हिस्सा तंबाखू भरून पेटवली, वाटी निम्मी झाली, की दारात टांगा! मी पाइप दडवायचा आणि ते खुर्चीवर बसून इंदूरच्या बाजारभावापासून सुरुवात करायचे. एकदा तर झटकायलाही वेळ मिळाला नाही. पेटता पाइप तसाच कोटाच्या खिशात टाकला. अण्णांनी पाणी मागितलं, गूळ मागितला, पाय चोळले. खिसा तापत चालला. एवढ्यात टांगेवाला त्यांची वळकटी घेऊन आत आला आणि ओरडला, "अरे भिया, तमारा कोट में से धुंवो निकली रियो है!"

अण्णांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "असू दे रे. साहेबलोकांत वावरतात हल्ली. तिकडे असंच असतं," म्हणाले आणि पुन्हा बाजारभावावर आले. कोटाला भोक पडलं, आतला सदरा जळला, मांडीवर फोड आला. त्यांना सगळं दिसत होतं. उठून आत जा, एवढं म्हणायला त्यांना काय जड होतं? पण ते बसून राहिले. चहा झाल्यावर उठताना म्हणाले, "तळ कच्चा राहिला असेल, नाही?" तेव्हा मला कळलं की महूला पाठ फिरवून उभा असलेला हा माणूस सगळं ऐकत होता. त्या दिवसापासून मी त्यांचा मनापासून द्वेष करू लागलो आणि तो आजतागायत कमी झालेला नाही.

दसऱ्याला देवासला जावंच लागे. तिथं एकाच गावात दोन राज्यं. अण्णांच्या घरासमोरचा रस्ता ही सरहद्द, अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. मी विचार केला, अण्णांचा अंमल गटारापर्यंतच ना? सीमोल्लंघनाच्या दिवशी खरंच सीमा ओलांडली आणि समोरच्या पानवाल्याच्या फळीवर बसून पाइप पेटवला. वेगळं राज्य, वेगळे महाराज, वेगळे पोलीस. चार झुरके झाले असतील नसतील, अण्णा आपल्या माडीच्या गॅलरीत येऊन उभे राहिले. हाक नाही, खूण नाही. चांदीच्या कड्याचा तो पाइप, न पेटवलेला, दातांत धरून नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी विझवला. पानवाला म्हणाला, "भिया, वो उधर का साब है, इधर क्या कर लेगा?" बरोबर होतं त्याचं. पण माझे पाय, माझी मान, माझा हात थोरल्या पातीत वाढलेले होते.

अण्णांचा पाइप हा देवासात कौतुकाचा विषय होता. पोलिटिकल एजंटाशी बोलताना तो हातात असे, दरबारी तसबिरीतही आहे. पेटलेला मात्र मी कधी पाहिला नव्हता. आम्ही समजत होतो, एकांतात ओढत असतील, मोठ्या माणसांचं सगळं एकांतात चालतं. घरात एक थट्टेचा विषयही होता. वहिनी तो पाइप रोज चिंच आणि राख लावून घासून धूत, तांब्या-भांड्यासारखा. उष्टी वस्तू न धुता ठेवायची नाही, असा अण्णांचा हुकूम असल्याचं त्या सांगत. पाइप धुणारं घर साऱ्या माळव्यात हे एकच असेल, असं मी धारेत मित्रांना रंगवून सांगत असे. हसायला तेवढंच होतं माझ्याकडे.

कारण माझा पाइप मेला. दर वेळी निम्म्यावर विझवायचा म्हटल्यावर वरच्या अंगाला थर चढला आणि तळ कोराच राहिला. पुढे मनावर गावच्या मोजणीवर असताना, अण्णा कोसांवर असताना, एकदाचा तळापर्यंत ओढला, तर उघडं लाकूडच पेटलं. वाटीच्या बुडाला डाग पडला, मग चीर गेली, मग आरपार भोक. माझ्या पसंतीची एक वस्तू होती, तीसुद्धा या माणसानं मला पुरी करू दिली नाही. नंतर दुसरे पाइप घेतले, बाजारात मिळतातच. पण मी निवडलेला तो.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला माडीवर बोलावलं. अण्णांची खोली, खुर्ची, भिंतीवर हार घातलेली तसबीर. त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला तो चांदीच्या कड्याचा पाइप काढला. "भावजी, हा तुम्ही न्या. दुसरं कोण ओढतंय घरात?" म्हणाल्या आणि खाली गेल्या. मी वाटी खिडकीशी धरली. आत काजळीचा कण नव्हता. महूच्या मखमलीवर होतं तसं कोरं, फिकट लाकूड. तोंडाशी धरायच्या भागावर तेवढे दातांचे खोल व्रण.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतकी वर्षं मिरवला आणि मुरवता आला नाही! मी दार लोटलं, त्यांच्याच खुर्चीत बसलो, त्यांच्याच पाइपात तिसरा हिस्सा तंबाखू भरली आणि त्यांच्या तसबिरीकडे बघत पेटवली. आता तळापर्यंत ओढणार होतो. हे मी सुतकात कितीदा तरी मनात घोळवलं होतं.

वाटी निम्मी झाली आणि जिन्यावर पाऊल वाजलं. माझा हात पाइपासकट खिशात गेला. दारात वहिनी होत्या, चहा घेऊन. माझ्या खिशाकडे त्यांनी पाहिलं, पेला ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचंही तेच का?"

"काय तेच?"

"यांचंही असंच हो. संध्याकाळी वर येऊन पेटवायचे. दोन झुरके घेतले की खाली मामंजी खोकायचे. की लगेच विझवायचे. धूर जाईल, पाइपाला वास राहील, मामंजींना कळेल... म्हणून मी रोज चिंच लावून घासायची. उष्ट्याचं आपलं लोकांना सांगायला." पेला पुढे सरकवत म्हणाल्या, "एवढे पन्नाशी उलटलेले, पण शेवटपर्यंत एकदाही पुरा ओढता आला नाही हो त्यांना."

कुणाला वाटेल, हे ऐकून माझं मन विरघळलं असेल. नाही विरघळलं. उलट इतक्या वर्षांचा राग पुन्हा नव्यानं चढला. ज्याला हे दुःख ठाऊकच नव्हतं अशा माणसाला मी एखादवेळ माफ केलं असतं. अण्णांना ते पुरतं ठाऊक होतं. खिसा कसा तापतो, तळ कसा कच्चा राहतो, सगळं. आणि तरी ते माझ्या दारात टांगा उभा करत राहिले. काकांसमोर जे गिळलं ते माझ्यावर काढलं. हे मी त्यांच्या तसबिरीला तिथंच, वहिनींसमोर, मोठ्यानं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं...

खाली काका खोकले.

खिसा भाजत होता, तरी हात बाहेर निघेना. मग पडवीतून त्यांचा थकलेला, पण अजून जरब असलेला आवाज आला. "वर धूर कसला गं?"

वहिनींनी जिन्याशी जाऊन, जराही न अडखळता, वर्षानुवर्षांच्या सवयीच्या आवाजात उत्तर दिलं, "उदबत्ती आहे, मामंजी."

अण्णांच्या तसबिरीपुढची उदबत्ती सकाळीच विझली होती.